एमजीबी: टायटलवर १९६६, पण गाडी नेमकी कुठल्या सालची आणि इंजिन कुठलं?

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या गावात एक एमजीबी (एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार) विकायला निघाली आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, लाल, स्टिअरिंग डावीकडे. मालक ऐंशीच्या पुढचे आहेत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती दुसऱ्याकडून घेतली आणि गेली बरीच वर्षं ती गॅरेजात झाकून उभी आहे. इंजिन हाताने फिरतं, पण टाकीत जुनं पेट्रोल असल्यामुळे चालू केलेलं नाही.

टायटलवर, म्हणजे आपल्या आरसी बुकासारख्या कागदावर, साल १९६६ आहे. मालक सांगतात की इंजिन गाडीचं जन्मापासूनचं. मला दोन्ही गोष्टी पारखून घ्यायच्या आहेत. किमतीचा प्रश्न आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही गाडी मला नीट रस्त्यावर आणायची आहे आणि त्यासाठी पार्ट बरोबर सालाचे लागतील.

आत्तापर्यंत दिसलेलं एवढंच: क्रोमचे बंपर, उभ्या पट्ट्यांची क्रोमची जाळी, पत्र्याचा काळा खरबरीत डॅशबोर्ड. दारांचे बाहेरचे हँडल ओढून उघडायचे आहेत, त्यांना बटण नाही. शनिवारी पुन्हा जाणार आहे. काय काय बघू?

टर्नपाइक

अभिनंदन, सुंदर गाडी! पण सालाचा एवढा विचार कशाला? टायटलवर १९६६ म्हणजे १९६६. इन्शुरन्सवाले तेच मानणार, मोटर व्हेईकल खातंही तेच मानणार. मी बॉडीचा गंज आधी बघेन.

स्वरदा_ऑक्सफर्डशायर

गंज आधी बघा, हे अगदी खरं. पण सालाचं मला पटत नाही.

एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत इथे अ‍ॅबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. आमच्याकडे १९६७ ची जीटी, म्हणजे बंद टपाची एमजीबी आहे, त्यामुळे या विषयात थोडं खोल जाणं झालं आहे. या कारखान्यात सुधारणा करायला नव्या मोसमाची वाट बघत नसत. जुना पार्ट संपला, नवा तयार झाला की अमुक चासी नंबरपासून तो बसवायला लागायचे, मग महिना कुठलाही असो. त्यामुळे एका गाडीला तीन साल असू शकतात: बनली ते, ज्या मॉडेलवर्षाची म्हणून मोजली गेली ते, आणि पहिल्यांदा विकली गेली ते. अमेरिकेत त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या कागदांवर पुष्कळदा तिसरंच साल सापडतं. गाडी जहाजातून आली, डीलरकडे उभी राहिली, पुढच्या वर्षी गिऱ्हाईक मिळालं आणि कागदावर विक्रीचं वर्ष चढलं.

तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात बोलकी गोष्ट हँडलची आहे. ओढायचे हँडल १९६५ च्या वसंतात, एप्रिलच्या सुमारास बंद झाले आणि बटणाचे आले. दारं बदललेली नसतील तर ही गाडी १९६६ मध्ये बनलेली असूच शकत नाही.

शनिवारी आधी चासी नंबर वाचा. बॉनेट उघडलं की उजव्या बाजूच्या आतल्या मडगार्डवर छोटी पाटी असते. नंबरच्या सुरुवातीची अक्षरं महत्त्वाची. जीएचएन३ असेल तर मार्क वन, म्हणजे एमजीबीची पहिली आवृत्ती. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीच्या गटातलं इंजिन, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी. जीटी असेल तर एनच्या जागी डी. पुढचा एल डाव्या स्टिअरिंगचा. जीएचएन४ असेल तर मार्क टू, म्हणजे १९६७ च्या शेवटानंतरची. जीएचएन५ त्याच्याही पुढची. अमेरिकेच्या १९७० पासूनच्या गाड्यांत तर मॉडेलवर्षाचं अक्षरच घातलेलं असतं, ए म्हणजे १९७०, बी म्हणजे १९७१, असं. तुमच्या गाडीला ती सोय नाही. तुम्हाला नंबर आणि अंगावरच्या खुणा यांचा मेळ घालावा लागेल.

पाटीचे स्क्रू आणि आजूबाजूचा रंग नीट बघा. पाटी स्क्रूने लावलेली असते, म्हणजे ती दुसऱ्या गाडीवरून येऊ शकते. आणि टायटलवरचा नंबर पाटीशी अक्षर न् अक्षर जुळवा. काही राज्यांच्या जुन्या कागदांवर चासीऐवजी इंजिनचा नंबर चढवलेला असायचा. तसं असेल तर तो कागद तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा ठरेल.

जुना_पाना

स्वरदाताईंनी चासीचं सांगितलं, मी इंजिनचं सांगतो. सांगलीत माझं गॅरेज होतं, हयात अँबॅसडरवर गेली. एमजीबी मी कधी उघडली नाही, पण तिचं इंजिन मला परकं नाही. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीज घराण्यातली. स्ट्रोक दोघांचा एकच, ८८.९ मिलीमीटर. बोअर तेवढा ७३ वरून ८०.२६ वर नेला. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड दोन्ही एकाच बाजूला, हेडला दोन इनलेट आणि तीन एक्झॉस्ट, आणि प्लग, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो विरुद्ध बाजूला. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं तर तो लगेच ओळखेल.

इंजिनचा नंबर प्लगच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, ब्लॉकवर रिव्हेट मारलेल्या पाटीवर असतो. तिथे पन्नास वर्षांचं तेल आणि रंग साचलेला असणार. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, पातळ पत्र्यावरची अक्षरं निघून जातात. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश. भिजवून ठेवा, पुसा, पुन्हा भिजवा.

कोथरूडी

वाचतोय. अँबॅसडर आणि एमजीबीचं नातं माहीत नव्हतं, काका! एक अवांतर: माझ्या आजोबांच्या दादरच्या मित्रांकडे एमजी टीसी होती. तिचा चासी नंबर २५१ पासून सुरू होतो असं ते सांगायचे. यात तथ्य आहे का?

स्वरदा_ऑक्सफर्डशायर

आहे. टीसीचा पहिला नंबर ०२५१, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर अ‍ॅबिंग्डन २५१ होता. टीसी १९४५ ते १९४९, एकूण १०,००० बनल्या, इंजिन १२५० सीसीचं एक्सपीएजी. मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत टी मालिकेतल्या गाड्या दिसतात, त्यांच्या मालकांना हे पाठ असतं.

एडिसनकर, काकांच्या इंजिन नंबरात पुढची भर. १८जी आणि १८जीए ही १९६२ ते १९६४ ची इंजिनं, त्यांच्या क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीन मेन बेअरिंग. ऑक्टोबर १९६४ मध्ये १८जीबी आलं, पाच बेअरिंगचं. हा बदल फार मोलाचा आहे. पाच बेअरिंगचं इंजिन जास्त मऊ आणि टिकाऊ चालतं, शिवाय मागच्या बाजूला धड ऑइल सील आलं.

पाटी सापडली नाही तरी एक खूण डॅशबोर्डवर असते. तीन बेअरिंगच्या इंजिनाला आरपीएम मीटर केबलवर चालायचा, कॅमशाफ्टवरून थेट. पाच बेअरिंगबरोबर तो इलेक्ट्रॉनिक झाला. डॅशबोर्डखाली वाकून मीटरच्या मागे केबल आहे की वायर, ते बघा. हँडल ओढायचे आणि मीटर वायरचा, असं निघालं तर गाडी ऑक्टोबर १९६४ ते एप्रिल १९६५ या फटीतली. दोन्ही जमून आलेल्या गाड्या थोड्याच महिन्यांत बनल्या आणि त्या मला सगळ्या एमजीबींत जास्त आवडतात.

आणि गाडीखाली झोपणार असाल तर पेट्रोलची टाकीही बघा. सुरुवातीची १० इंपीरियल गॅलनची टाकी दोन पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली असते. मार्च १९६५ मध्ये १२ गॅलनची आली, ती कडेने बोल्ट मारून बसते.

एडिसनकर

जाऊन आलो. मालकांनी सगळं मनापासून दाखवलं, बॅटरीचं झाकणसुद्धा स्वतः उघडून दिलं.

चासीची पाटी जागेवर. जीएचएन३एल, पुढे ५४ हजारांच्या आसपासचा आकडा. टायटलवर हाच नंबर, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. स्क्रूभोवतीचा रंग न दुखावलेला.

आरपीएम मीटरच्या मागे वायर, केबल नाही. टाकीला पट्ट्या आहेत. सीटच्या मागे शेल्फखाली दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या, आणि धन टोक बॉडीला जोडलेलं. मागचा अ‍ॅक्सल मध्ये गोल फुगीर, मागे उघडायचं झाकण नाही. बॉनेटला लोहचुंबक चिकटत नाही! दोन्ही दारांना आणि मडगार्डना चिकटतो, डावीकडच्या सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या) मागच्या टोकाला मात्र नाही. डॅशबोर्डच्या मागे आणि कार्पेटखाली जुना रंग दिसला. तो लाल नाही, दुधाळ पांढरा आहे.

इंजिनची पाटी सापडली नाही, त्या भागावर जाड लाल-तपकिरी रंग आहे. पण हेडवर प्लगच्या वरच्या कडेला चार ठिकाणी बोल्टसारखे बूच बसवलेले दिसले. आणि हेडवर उठलेली अक्षरं: १२एच२३८९. याचा काय अर्थ?

टर्नपाइक

ते चार बूच म्हणजे प्रदूषणाच्या पंपाची भोकं. १९६८ मॉडेलवर्षापासून अमेरिकेत नवीन गाड्यांना केंद्राचे नियम लागले. त्यासाठी एमजीबीच्या हेडमध्ये हवा सोडायची सोय केली होती आणि बेल्टवर पंप होता. लोकांनी पुढे पंप काढून टाकले आणि भोकं बुजवली. म्हणजे इंजिन १९६८ किंवा नंतरचं. मालकांचं ‘जन्मापासूनचं’ चुकीचं ठरतं.

स्वरदा_ऑक्सफर्डशायर

हेड १९६८ नंतरचं, एवढंच सिद्ध झालं. १२एच२३८९ हे त्याच काळातलं ओतकाम, मार्क वनच्या इंजिनांवर १२एच९०६ असतं. पण हेड अकरा नटांवर निघतं. जुनं तडकलं म्हणून कुणी फक्त हेड बदललं असेल आणि खाली मूळचा १८जीबी ब्लॉक असेल, हेही शक्य आहे. ब्लॉकची पाटी वाचल्याशिवाय निकाल देऊ नका, आणि मालकांना तर काही बोलूच नका. त्यांनी ती आधीच वापरलेली घेतली होती, त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते सांगत असणार.

गाडीच्या सालाबद्दल मात्र आता मला शंका नाही. ५४ हजारांचा नंबर, ओढायचे हँडल, वायरचा मीटर, पट्ट्यांची टाकी, गोल अ‍ॅक्सल, धन अर्थिंग. एकेक गोष्ट कुणीतरी बदलू शकतो, पण या साऱ्या एकाच काळाकडे बोट दाखवतील अशा रीतीने कुणी बदलत नाही. १९६५ चे सुरुवातीचे महिने.

अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेटही मूळचं दिसतंय, नंतरच्या गाड्यांना पोलादी आलं. लाल रंगाखालचा पांढरा बहुतेक ओल्ड इंग्लिश व्हाइट. सिलला चुंबक चिकटत नाही, म्हणजे तिथे पुटी भरली आहे. एमजीबीला वेगळी चासी फ्रेम नसते, सिल हाच तिचा कणा. तिथे पैसे लागणार, हे किमतीत धरा.

जुना_पाना

एडिसनकर, पाटीची जागा पुन्हा नीट बघा. रंग मारणारे पाटीवरूनच ब्रश फिरवतात. बोटाने चाचपा, रिव्हेटची डोकी हाताला लागतील. आणि रंगाचा रंगही बघून सांगा. तिकडे बीएमसीची कारखान्यात दुरुस्त केलेली इंजिनं ‘गोल्ड सील’ नावाने मिळायची, ती सोनेरी रंगवलेली असत आणि त्यांचा नंबर निराळा.

एडिसनकर

सापडली! पाटी रंगाखालीच होती. रॉकेलने भिजवली, हळूहळू पुसली. सोनेरी काही नाही. पाटीवर आहे: १८जीएफ-डब्ल्यूई-एच, पुढे आकडे.

बॅटरीवाला

१८जीएफ म्हणजे अमेरिकेला पाठवलेलं, १९६८ मॉडेलवर्षाचं इंजिन. टर्नपाइक यांचा अंदाज बरोबर निघाला.

स्वरदा_ऑक्सफर्डशायर

हो, हेड आणि ब्लॉक एकमेकांचेच आहेत. पाटीवरची बाकीची अक्षरंही वाचण्यासारखी आहेत. एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. डब्ल्यूई म्हणजे हे इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हा त्याच्या मागे चारही गिअरना सिंक्रो (गिअर न कुरकुरता पडायची सोय) असलेला मार्क टूचा गिअरबॉक्स होता, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) नव्हता. तुमच्या मूळ इंजिनावर १८जीबी-यू-एच असं काहीतरी असणार. यू हा जुन्या गिअरबॉक्सचा.

इथेच मुख्य प्रश्न येतो, आणि तो खरेदीच्या आधी सोडवायला हवा. गिअरबॉक्स कुठला आहे? मार्क टूचा बॉक्स मोठा आहे. त्यासाठी गाडीचा मधला बोगदाच, म्हणजे दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा, रुंद केला होता. मार्क वनमध्ये तो बसवायचा तर बोगदा कापावा लागतो. त्यामुळे असं इंजिन टाकणारे बहुतेक जण जुनाच बॉक्स ठेवतात. पण मग इंजिनाच्या मागची प्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टर जुने लावावे लागतात, आणि सगळ्यात नाजूक भाग म्हणजे क्रँकच्या टोकातला बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी छोटी धातूची नळी. नव्या क्रँकमधलं भोक मोठं, जुन्या बॉक्सच्या शाफ्टचं नाक बारीक. मध्ये खास मापाचा बुश घातला नाही तर शाफ्ट डगमगतो आणि क्लच व बॉक्स दोन्ही खातो.

कार्पेट उचलून बोगद्यावर कापल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा बघा. रबरी बूच असेल, त्याखाली गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी असते. गाडी चालू होईल तेव्हा हळू चालत असताना पहिला गिअर टाकून बघा, जुन्या बॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो नसल्यामुळे तो कुरकुरतो.

जुना_पाना

बुश कुणी घातला का, हे इंजिन न काढता कळेल असा एक मार्ग सांगतो. गाडी चालू झाली की न्यूट्रलमध्ये क्लच दाबा आणि सोडा. दाबल्यावर घरघर किंवा किणकिण सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली तर रिलीज बेअरिंग किंवा हा बुश, दोघांपैकी एक आजारी. आवाज नसेल तर निश्चिंत राहा. आणि मागचे मालक हयात असतील किंवा बिलं असतील तर ती मागा. आमच्याकडची माणसं बिलं फेकतात, तिकडची जपतात असं ऐकलंय.

टर्नपाइक

आता किमतीचा प्रश्न. मूळ इंजिन नसेल तर भाव पडतो. मी मालकांना ते स्पष्ट सांगेन.

स्वरदा_ऑक्सफर्डशायर

सांगावं, पण प्रमाणात. या गाडीला मूळचंही पाच बेअरिंगचंच होतं आणि आत्ताचंही तेच आहे. आकार १७९८ सीसीच, दोन एसयू कार्ब्युरेटर, चालवताना फरक जाणवणार नाही. शर्यतीतला इतिहास असलेली दुर्मीळ गाडी असती तर इंजिन बदलल्याने भाव कोसळला असता. एमजीबी पाच लाखांवर बनल्या, तिथे सिल आणि फ्लोअर यांची हालत इंजिनच्या नंबरापेक्षा जास्त पैसे ठरवते. उलट ओढायच्या हँडलची गाडी म्हणून तिला चाहते जास्त मिळतील.

अजून एक. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या नोंदी जपलेल्या आहेत. चासी नंबर देऊन, फी भरून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. बनल्याची तारीख, मूळ इंजिन नंबर, रंग, कुठे पाठवली, हे सगळं त्यात येतं. आपण इथे केलेला तर्क त्यावर तपासून घ्या.

एडिसनकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, पण लिहिण्यासारखं हातात आल्यावरच लिहायचं होतं.

बोगदा न कापलेला, रबरी बूच जागेवर, पट्टी आत. टाकी आणि नळ्या साफ करून, नवं पेट्रोल घालून गाडी चालू केली. पहिला गिअर स्वरदाताईंच्या शब्दाप्रमाणे कुरकुरतो. क्लच दाबल्यावर कसलाही आवाज नाही. मालकांनी बिलांचं पाकीट शोधून दिलं. त्यात आधीच्या मालकाच्या काळातलं, १९७४ चं, मशीन शॉपचं बिल निघालं: दुसरं इंजिन बसवलं, फ्लायव्हील जुनं, बुश खास बनवून. त्यांनी ते पाकीट कधी उघडलंच नव्हतं. त्यांनाही समाधान वाटलं की गाडीचं कोडं सुटलं. किमतीतून सिलच्या कामाचे पैसे त्यांनी आपणहून कमी केले. गाडी घेतली.

आणि सर्टिफिकेट आलं. बनली फेब्रुवारी १९६५ मध्ये, डाव्या स्टिअरिंगची, उत्तर अमेरिकेसाठी. रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट, आत काळं. इंजिन १८जीबी. आपण सगळ्यांनी मिळून काढलेली फट महिन्यासकट बरोबर निघाली, याचा मला फार आनंद आहे.

टायटलवरचं साल सर्टिफिकेट दाखवून बदलता येईल का, ते विचारणार आहे. पार्ट मागवताना मी साल सांगायचं थांबवलं आहे. गाडीसाठी चासी नंबर आणि इंजिनसाठी १८जीएफ, असे दोन वेगळे कागद गॅरेजच्या भिंतीवर लावलेत.

जुना_पाना

शाब्बास. आता एकच सांगतो. गाडी धन अर्थिंगची आहे हे विसरून कुणी आजची गाडी शेजारी लावून जंपर केबल जोडेल, आणि दोन्ही गाड्यांच्या बॉड्या एकमेकींना टेकल्या तर ठिणग्या उडतील. बॅटरीच्या झाकणावर लाल रंगात ठळक लिहून ठेवा. तेल २०डब्ल्यू५० घाला, जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, कारण या इंजिनाचे टॅपेट जुन्या पद्धतीचे, कॅमवर घासून चालणारे आहेत. पहिल्या ५०० मैलांनंतर हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळा आणि टॅपेट १५ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावा.

कोथरूडी

काका, हेडचे नट कुठल्या क्रमाने आवळायचे? आमच्याकडे आजोबांच्या वेळची अँबॅसडर उभी आहे, तिलाही तेच लागेल ना?

जुना_पाना

तेच. मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, तिरके तिरके, तीन टप्प्यांत. अँबॅसडरसाठी वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहितो.